रूट ६६ वरची जुनी मोटेलं पुन्हा उभी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची साताऱ्याची, आता ओक्लाहोमात राहते, पेशाने सिव्हिल इंजिनियर. एका गुजराती जोडप्याने रूट ६६ वरचं १४ खोल्यांचं जुनं मोटेल घेतलं होतं आणि भिंतीला गेलेला तडा बघायला त्यांनी मला बोलावलं, तिथून हे सुरू झालं. त्यातल्या बाईंना मी बेन म्हणते. आता बहुतेक शनिवार-रविवार मी कुठल्या ना कुठल्या मोटेलाच्या छपरावर किंवा बाथरूमच्या भिंतीमागे असते. मंडळाच्या गणपतीत, फोनवर, भारतातून आलेल्या नातेवाईकांकडून सारखे तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा नीट बसून उत्तरं लिहिली.

रूट ६६ म्हणजे नेमकं काय आणि त्याचं एवढं काय आहे?

शिकागोपासून कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकापर्यंत जाणारा जुना हायवे, साधारण २,४४८ मैल म्हणजे ३,९०० किलोमीटरच्या वर. इलिनॉय, मिसुरी, कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सस, न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कॅलिफोर्निया अशी आठ राज्यं, त्यात कॅन्ससच्या वाट्याला फक्त १३ मैल. ११ नोव्हेंबर १९२६ ला हा रस्ता ६६ या नंबराने अधिकृत झाला. टल्साचे सायरस एव्हरी हे त्यामागचे मुख्य गृहस्थ, त्यांच्यामुळेच रस्ता ओक्लाहोमातून वळला असं इथले लोक अभिमानाने सांगतात. सगळा रस्ता पक्का व्हायला मात्र १९३८ उजाडलं.

तिसाच्या दशकात दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी ओक्लाहोमा-टेक्सासकडची शेती गेली तेव्हा हजारो कुटुंबं गाड्यांवर गाद्या-भांडी बांधून याच रस्त्याने पश्चिमेला गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर सुट्टीला निघालेली कुटुंबं याच रस्त्याने गेली. एवढे लोक रोज रस्त्यावर असले की रात्री त्यांना पाठ टेकायला जागा लागणारच, आणि गावोगावच्या लोकांनी स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या हाताने खोल्या बांधल्या. मला मोटेलांचं वेड लागलं ते यासाठी, की ती कुठल्या मोठ्या कंपनीच्या नकाशावरून आलेली नाहीत, जिथे जो दगड मिळाला, जी माती मिळाली, त्यातून उभी राहिली आहेत. मिसुरीत गेलात तर ओझार्कचा दगड दिसतो, न्यू मेक्सिकोत अडोबी पद्धतीच्या मातकट भिंती आणि बाहेर आलेले वासे दिसतात.

मोटेल आणि हॉटेल यात फरक काय?

मोटेलात गाडी खोलीच्या दारात लागते, एवढंच लक्षात ठेवा. लॉबी नाही, लिफ्ट नाही, दार उघडलं की बाहेर. आधी सुट्या केबिन असायच्या, मग त्या एका रांगेत जोडून टुरिस्ट कोर्ट झाले, इंग्रजी एल किंवा यू अक्षरासारखे, मध्ये अंगण. ‘मोटेल’ हा शब्द १९२५ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पोच्या माइलस्टोन मो-टेलपासून आला, ते काही ६६ वर नव्हतं.

मग ही ओस का पडली?

बायपास. १९५६ साली इंटरस्टेट हायवेचा कायदा झाला आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं एकेक गाव बाजूला पडत गेलं. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या ॲम्बॉयचं १९७३ साली झालं. तिथले जुने लोक सांगायचे की नवा रस्ता उघडला त्या दिवशी गाड्या थांबल्या, हळूहळू कमी नाही झाल्या, थांबल्याच. सगळ्यात शेवटी बायपास झालेलं गाव ॲरिझोनातलं विल्यम्स, ऑक्टोबर १९८४. १९८५ साली ६६ हा नंबरच सरकारी यादीतून काढला.

मोटेल चालतं ते रोज रात्रीच्या भाड्यावर, गिऱ्हाईक तुटलं की आधी रंग थांबतो, मग छपराची दुरुस्ती, मग पाटीतला एक-एक दिवा जातो, मग खोल्या महिन्याच्या भाड्याने द्यायला लागतात, मग एक दिवस कुलूप. कुलूप लागल्यावर तर काय, पाणी आत शिरलं की पाच-सहा वर्षांत इमारत संपते.

रस्ता पुन्हा लोकांच्या मनात आणला तो सेलिग्मन नावाच्या छोट्या गावातल्या एका न्हाव्याने. एंजल डेलगाडियो. १९८७ साली त्यांनी आणि गावकऱ्यांनी मिळून ॲरिझोनाची हिस्टॉरिक रूट ६६ असोसिएशन काढली, राज्याकडून त्या पट्ट्याला ऐतिहासिक रस्ता म्हणून मान्यता मिळवली. त्यांच्यानंतर बाकी राज्यांतही तशाच संघटना उभ्या राहिल्या.

यात आपल्या भारतीय लोकांचा काय संबंध?

खूप मोठा आहे. सत्तरच्या दशकात ही मोटेलं मातीमोल भावात विकायला निघाली तेव्हा घेणारे बरेचसे गुजराती होते, सुरत-नवसारी-चरोतरकडचे पटेल. नवरा-बायको ऑफिसच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचे, स्वतःच चादरी धुवायच्या, स्वतःच रंग मारायचा, पगार कुणालाच द्यायचा नाही म्हणून धंदा तगला. बँका कर्ज देत नव्हत्या, विमा कंपन्या उभ्या करत नव्हत्या, शेजारचा मोटेलवाला ‘अमेरिकन ओन्ड’ अशी पाटी लावायचा. आज या समाजाच्या हॉटेल मालकांची संघटना, १९८९ साली अटलांटात स्थापन झालेली, सांगते की देशातली जवळपास ६० टक्के हॉटेलं तिच्या सदस्यांची आहेत.

आणि जतनातही त्यांचा हात आहे. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोजवळचं विगवॅम मोटेल, १९४९ चं, काँक्रीटच्या तंबूंच्या आकाराच्या खोल्या, अगदी बकाल झालं होतं. २००३ साली एका पटेल कुटुंबाने घेतलं आणि नीट उभं केलं, २००५ ला त्यांना सायरस एव्हरी पुरस्कार मिळाला. ६६ बद्दल लिहिणारे बरेच लोक पटेलांच्या हातात मोटेल गेलं म्हणजे संपलं असा सूर लावतात, मला त्याचा फार राग येतो. त्यांनी घेतली नसती तर त्यातली अर्धीअधिक आज उभीच नसती.

रिनोव्हेशन आणि रिस्टोरेशन, दोन्ही एकच ना?

नाही. रिनोव्हेशन म्हणजे जुनं काढून चांगलं नवं बसवणं. रिस्टोरेशन म्हणजे इमारत एका ठरावीक काळात कशी होती ते शोधून तिथपर्यंत परत नेणं, त्यासाठी कधीकधी नंतर केलेलं ‘सुधारलेलं’ काम काढावं लागतं. उदाहरण मिसुरीतल्या कार्थेजचं बूट्स कोर्ट. १९३९ साली आर्थर बूट्स यांनी बांधलं, गोलाई घेतलेले कोपरे, सपाट छप्पर, पांढरा गिलावा, कडेने हिरव्या निऑनची किनार. १९७० च्या दशकात कुणीतरी गळती थांबवायला सपाट छपरावर उतरतं छप्पर चढवलं आणि इमारतीचा चेहराच गेला. २०११ ला दोन बहिणींनी ते घेतलं आणि पहिली मोठी गोष्ट केली ती हे वरचं छप्पर उतरवण्याची. पाटीवर ‘प्रत्येक खोलीत रेडिओ’ असं लिहिलेलं असायचं, तर दुरुस्त केलेल्या खोल्यांत त्यांनी टीव्ही न ठेवता रेडिओच ठेवले.

मधला एक मार्ग आहे, त्याला रिहॅबिलिटेशन म्हणतात, म्हणजे जुनं जे महत्त्वाचं आहे ते जपायचं आणि बाकी आजच्या वापरासाठी बदलायचं. बहुतेक मोटेलांना हाच लागू पडतो, सरकारी सवलतीही याच नियमांवर मिळतात. नियम दहा आहेत आणि वाचायला सोपे आहेत. त्यातला माझा आवडता म्हणजे दुरुस्त होत असेल तर बदलू नका, आणि बदलावंच लागलं तर जुन्याशी जुळेल असं बदला.

एक जुनं मोटेल विकायला आहे, स्वस्त आहे, घेऊ का? आधी काय बघायचं?

आधी जमिनीखाली बघा. हे मी सगळ्यांना पहिल्यांदा सांगते आणि कुणालाच आवडत नाही. या मोटेलांच्या पुढे बऱ्याचदा पेट्रोलचा पंप असायचा, पंप गेला तरी टाकी खालीच राहिलेली असते. ती गंजून गळलेली असेल तर माती साफ करण्याचा खर्च मोटेलाच्या किमतीच्या वर जाऊ शकतो आणि तो तुमच्या गळ्यात पडतो. म्हणून खरेदीच्या आधी फेज वन पर्यावरण तपासणी करून घ्याच, जुने नकाशे, जुने फोटो, जुनी पोस्टकार्डं बघून ते सांगतात की इथे पंप होता का. मी स्वतः एका ठिकाणी पोस्टकार्डावरून पंप ओळखलाय, कोपऱ्यात जरासा दिसत होता.

मग सांडपाणी. गावाच्या लाइनला जोडलंय का अजून सेप्टिक टाकीवर चाललंय ते विचारा. मातीचे जुने पाइप झाडांच्या मुळांनी भरलेले असतात, कॅमेरा घालून बघता येतं, त्याला फार खर्च येत नाही. पाणी कुठून येतं तेही बघा, वाळवंटात हा खरा प्रश्न आहे. ॲम्बॉयला जमिनीतलं पाणी इतकं खारट की एकेकाळी रेल्वेने पाणी यायचं.

मग छप्पर, मग वीज. वायरिंगवरचं कापडाचं आवरण बोटाने चुरलं तर सगळी बदलायची असं धरून चाला.

आणि रस्ता. ६६ हा एकच रस्ता कधीच नव्हता, त्याचे मार्ग बदलत गेले, न्यू मेक्सिकोत १९३७ पर्यंत तो सांता फेवरून फिरून जायचा आणि नंतर सरळ झाला. तुमचं मोटेल कुठल्या काळच्या रस्त्यावर आहे आणि आज तिथे माणूस येतो का, हे एक शुक्रवारची रात्र आणि एक मंगळवारची रात्र गावात राहून बघा. दलालाच्या आकड्यांपेक्षा त्या दोन रात्री जास्त सांगतात.

काम कुठून सुरू करायचं?

छपरापासून, छपरापासून आणि छपरापासून. आमच्या आजीकडे मृग लागायच्या आत घर शाकारून व्हायलाच हवं असायचं, घरात दुसरं काहीही पडलेलं असो, आधी कौलं. तेच इथे. पैसे नसतील तर ताडपत्री टाका, पण पाणी थांबवा. पन्हळी साफ करा, भिंतीपासून पाणी लांब जाईल असा उतार काढा. माझ्या ओळखीतल्या एकांनी घेतल्या घेतल्या पहिले पैसे पाटीवर घातले, पाटी लागली, फोटो निघाले, आणि त्या हिवाळ्यात चार खोल्यांची सिलिंग खाली आली. मी त्यांना दोष देत नाही, पाटी पेटलेली बघायचा मोह मोठा असतो.

आणि काहीही काढायच्या आधी फोटो काढा. प्रत्येक खोली, प्रत्येक भिंत, दाराच्या कड्या, खोलीचे नंबर, कपाटातल्या खुंट्या. काढलेली वस्तू पिशवीत घालून वर खोली नंबर लिहा. पुढे ग्रँट मागताना हेच फोटो लागतात.

मूळ रंग कोणता होता ते कसं कळणार? फोटो तर ब्लॅक अँड व्हाइट आहेत.

भिंतच सांगते. ऊन-पावसापासून वाचलेली जागा शोधायची, वळचणीखाली, दाराच्या चौकटीच्या आत, दिव्याच्या पाठीमागे. तिथे धारदार पातं घेऊन नखाएवढ्या जागेत एकेक थर हलक्या हाताने खरवडत जायचं, म्हणजे गोल पायऱ्यांच्या विहिरीसारखं दिसायला लागतं, प्रत्येक पायरी एक रंग. बेनच्या मोटेलात ऑफिसच्या दाराशी आम्ही हे केलं तेव्हा वरून बदामी, मग पांढरा, मग दोन वेगवेगळे तपकिरी, मग एक फिकट निळा आणि सगळ्यात खाली पिकलेल्या पपईसारखा केशरी निघाला. बेन चष्मा लावून खाली वाकून कितीतरी वेळ बघत राहिल्या, म्हणाल्या बावीस वर्षं या दारातून जाते-येते आणि हा इथेच होता. आता पूर्ण मोटेल त्या रंगाचं आहे.

फक्त एक, कोरडं घासायचं नाही, पाण्याचा फवारा मारून ओलं करायचं आणि मास्क लावायचा. का ते पुढच्या उत्तरात.

शिसं आणि ॲस्बेस्टॉस, हे खरंच एवढं गंभीर आहे का?

हो. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ साली, त्यामुळे त्याआधीच्या रंगात शिसं आहे असंच धरायचं. ॲस्बेस्टॉस फरशीच्या जुन्या टाइल्समध्ये, त्यांच्या खालच्या काळ्या गोंदात, पाइपांच्या वेष्टनात, सिलिंगच्या खरखरीत थरात असू शकतं. डोळ्यांनी ओळखता येत नाही, नमुना लॅबला द्यावा लागतो. तोडफोडीच्या आधी लायसन्सवाल्या माणसाकडून सर्व्हे करून घेणं कायद्याने लागतं. न तुटलेली, घट्ट बसलेली टाइल उचकटण्यापेक्षा तशीच ठेवून वर दुसरं काही टाकणं अनेकदा जास्त सुरक्षित असतं. लहान मुलांना सोबत घेऊन खरवडायला येऊ नका, प्लीज.

निऑनची पाटी दुरुस्त करायची का सरळ एलईडी लावायचे?

दुरुस्त करा. मला कळतं की एलईडी स्वस्त आहे, विजेचं बिल कमी येतं, दुरून बघितलं तर फरक कळत नाही असं विकणारा सांगतो. पण लोक हजार मैल गाडी चालवून येतात ते त्या उजेडासाठी, जवळ उभं राहिलं की तो उजेड नळीतून चहूबाजूंनी येतो, पत्र्यावर सांडतो, भिंतीवर पडतो.

निऑन कसं चालतं ते थोडक्यात. काचेची नळी, आतली हवा काढून त्यात अगदी थोडा वायू भरलेला, दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड, आणि ट्रान्सफॉर्मर जो १५,००० व्होल्टपर्यंत देतो. साध्या काचेत निऑन वायू भरला की लालसर केशरी. निळे, हिरवे वगैरे रंग बहुतेक आर्गॉन आणि पाऱ्याच्या थेंबाने येतात, नळीला आतून पावडरचा थर दिलेला असतो. म्हणूनच कडाक्याच्या थंडीत लाल अक्षरं झगझगीत दिसतात आणि निळी मंद पडतात, पाटी बिघडली असं समजून लोक फोन करतात.

मी एकदा नळी वाकवणाऱ्या कारागिराच्या दुकानात दुपारभर बसले होते. टेबलावर अक्षराचं उलटं चित्र कागदावर, नळी ज्योतीवर धरून सारखी फिरवायची, काच मऊ पडली की लगेच कागदावर ठेवून वळवायची, आणि तेवढ्या दोन-चार सेकंदांत तोंडातल्या रबरी नळीतून हलकी फुंकर घालायची म्हणजे वळणावर काच चेपत नाही. चुलीवरच्या फुंकणीची आठवण झाली मला. मग हवा काढून मोठा करंट सोडून नळी तापवतात, आतली घाण जळून बाहेर येते, आणि मग वायू. असं नीट केलेली नळी कुणी दगड मारला नाही तर कित्येक दशकं चालते. हे काम करणारी माणसं कमी होत चालली आहेत, त्यामुळे पाटीचं काम द्यायचं ठरवलं की रांगेत नंबर लावावा लागतो, सहा-आठ महिने सहज जातात.

पत्र्याचं विचाराल तर, मूळ पोर्सिलेन इनॅमल किंवा हाताने रंगवलेलं असेल तर चकाचक नवा रंग मारू नका. गंज थांबवा, फाटलेला पत्रा जोडा, फिकट झालेली अक्षरं जिथे दिसतात तिथेच राहू द्या. आतलं वायरिंग आणि ट्रान्सफॉर्मर मात्र नवे, अर्थ फॉल्टला आपोआप बंद होणारे, आणि हे काम साइनचं लायसन्स असलेल्याच माणसाने करायचं.

कुठे बघायचं? न्यू मेक्सिकोत टुकुमकारीला ब्लू स्वॉलो. १९३९ ला बांधायला घेतलेलं, १२ खोल्या, प्रत्येक खोलीला लागून गाडीचं गॅरेज. १९५८ साली लिलियन रेडमन यांना ते होणाऱ्या नवऱ्याकडून साखरपुड्याची भेट म्हणून मिळालं आणि १९९८ पर्यंत ते त्यांच्याकडेच होतं. आज दिसते ती निळ्या पक्ष्याची पाटी १९६० ची. मिसुरीत लेबनॉन गावातल्या मंगर मॉस मोटेलची पाटीही २०१० साली दुरुस्त होऊन पुन्हा लागली. ॲम्बॉयच्या रॉइज या मोटेल-कॅफेची १९५९ ची उंच पाटी कित्येक वर्षं अंधारात होती, ती नोव्हेंबर २०१९ मध्ये पुन्हा पेटली.

बाथरूमच्या गुलाबी टाइल्स, लोखंडी खिडक्या... हे तरी काढू ना?

नका काढू. त्या टाइल्स सिमेंटच्या जाड थरात बसवलेल्या असतात, आजच्या टाइल्सपेक्षा मजबूत. गळत असेल तर नळ आणि पाइप बदला, भिंतीच्या मागच्या खोलीतून किंवा कपाटातून आत शिरता येतं बऱ्याचदा. चार टाइल्स फुटल्या असतील तर न दिसणाऱ्या कोपऱ्यातल्या काढून पुढे लावा.

लोखंडी खिडक्या घट्ट झालेल्या असतात कारण रंगाचे सात-आठ थर बिजागरीत बसलेले असतात. थर काढले, तेल दिलं, काचेभोवती नवी पुट्टी भरली की उघडतात. थंडी-आवाजासाठी आतून दुसरी काच लावता येते. प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्यात तर रस्त्यावरून बघणाऱ्याला पहिल्यांदा त्याच टोचतात, आणि टॅक्स क्रेडिटही (करातली सवलत, त्याबद्दल पुढच्या उत्तरात) अडकतं.

पैसे कुठून आणायचे?

मुख्य आधार फेडरल टॅक्स क्रेडिट. दुरुस्तीच्या पात्र खर्चाच्या २० टक्के, पाच वर्षांत समान विभागून. अटी नीट समजून घ्या. इमारत नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे ऐतिहासिक जागांच्या सरकारी यादीत, हवी किंवा त्यासाठी पात्र ठरून पुढे नोंद व्हायला हवी. ती धंद्यासाठी वापरात हवी, मोटेल त्यात बसतंच. आणि खर्च ‘भरीव’ हवा, म्हणजे इमारतीच्या हिशोबी किमतीपेक्षा जास्त. समजा तुम्ही ३ लाख डॉलरला घेतलं, त्यात जमीन ६० हजारांची, तर इमारत २ लाख ४० हजारांची, आणि २४ महिन्यांत त्याहून जास्त खर्च दाखवावा लागतो, टप्प्याटप्प्याने करणार असं आधी कळवलं तर ६० महिने मिळतात. खरेदीची किंमत, फर्निचर, नवीन वाढवलेलं बांधकाम यात धरत नाहीत. काम झाल्यावर पाच वर्षांत विकलं तर क्रेडिट पूर्ण किंवा त्याचा काही भाग परत द्यावा लागतो.

अर्ज तीन भागांत, राज्याच्या हिस्टॉरिक प्रिझर्वेशन ऑफिसमार्फत. दुसरा भाग मंजूर व्हायच्या आधी काम सुरू करू नका, यात लोक सगळ्यात जास्त फसतात. मिसुरी, ओक्लाहोमा अशा राज्यांचं स्वतःचं क्रेडिटही वेगळं मिळतं, दोन्ही मिळून हिशोब जमतो.

ग्रँटचं म्हणाल तर १९९९ साली संसदेने ६६ साठी कायदा केला आणि नॅशनल पार्क सर्व्हिसने त्याखाली निम्मे तुमचे निम्मे आमचे अशा पद्धतीने कितीतरी पाट्या, छपरं दुरुस्त करून दिली. नॅशनल ट्रस्ट या जतनाचं काम करणाऱ्या संस्थेनेही या रस्त्यावरच्या जुन्या धंद्यांसाठी ग्रँट काढली आहे. टल्सा शहर निऑन पाट्यांना मदत देतं. आधी आपल्या गावाच्या ऑफिसात विचारा, तिथे काम करणारे लोक मदतीला तयार असतात असा माझा अनुभव आहे.

नॅशनल रजिस्टरवर नाव आलं की मग कुणी पाडू शकत नाही ना?

पाडू शकतं. हा गैरसमज फार महागात पडलाय. सेंट लुइसजवळ कोरल कोर्ट नावाचं मोटेल होतं, १९४१ चं, मधासारख्या पिवळ्या चकचकीत विटा, गोल कोपऱ्यांत काचेच्या विटा, ६६ वरचं सगळ्यात देखणं म्हणायचे. १९८९ ला रजिस्टरवर आलं, १९९३ ला बंद पडलं, १९९५ ला पाडलं. तिथे आज घरं आहेत. एक युनिट तेवढं लोकांनी वीट-वीट सुटी करून तिथल्या वाहतूक संग्रहालयात पुन्हा उभारलं.

नॅशनल रजिस्टर हा मान आहे, खासगी मालकाचा हात ते धरत नाही. हात धरतो तो शहराचा स्वतःचा लँडमार्क कायदा, म्हणजे वारसा इमारतींना संरक्षण देणारा. अल्बुकर्कीचं एल व्हाडो घ्या, १९३७ चं, एका आयरिश स्थलांतरित माणसाने प्वेब्लो शैलीत बांधलेलं. २००५ मध्ये नवा मालक पाडायला निघाला, शहराने लँडमार्क जाहीर केलं, भांडण झालं, शेवटी शहराने ते ताब्यातच घेतलं आणि २०१८ ला पुन्हा उघडलं. तेव्हा तुमच्या गावात असा कायदा आहे का ते आज विचारा, बुलडोझर आल्यावर विचारून उपयोग नाही.

एसी, वायफाय, व्हीलचेअरसाठी रॅम्प हे सगळं केलं तर जुनेपण जात नाही का?

नाही जात. पाहुण्याला रात्री गारवा आणि गरम पाणी हवंच. एसीचं बाहेरचं युनिट रस्त्याच्या बाजूला दिसू नये एवढं सांभाळा. दिव्यांगांसाठीच्या कायद्याने छोट्या मोटेलात निदान एक खोली तशी हवी, आणि मोटेल एकमजली, गाडी दारात, त्यामुळे ते जमवणं जुन्या हॉटेलपेक्षा सोपं आहे. आम्ही फरसबंदीचा उतार दोन पार्किंग जागांत हळूहळू चढवला, रेलिंग लागलंच नाही.

मोटेल म्हणूनच चालवायला हवं का?

चालत असेल तर हो, पण हट्ट नको. एल व्हाडोत काही खोल्या मोटेल आहेत आणि बाकीच्यांत दुकानं, अंगणात खाण्याचे स्टॉल. अल्बुकर्कीचंच डी अँझा, १९३९ चं, झुनी या तिथल्या मूळ जमातीच्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या वॉलेस यांनी काढलेलं, तिथे आता अपार्टमेंट आहेत, पण पाटी आणि तळघरातली झुनी चित्रकाराची भित्तिचित्रं जपली आहेत. मला स्वतःला खोलीत पाहुणा झोपलेला आवडतो. रिकामी ठेवलेली जुनी इमारत मात्र मला बघवत नाही.

ही मोटेलं सगळ्यांसाठी होती का?

नव्हती, आणि हे लिहिल्याशिवाय इतिहास पूर्ण होत नाही. रस्त्यावरच्या बहुतेक मोटेलांत कृष्णवर्णीय कुटुंबांना खोली मिळत नसे, काही गावांत सूर्य मावळल्यावर थांबायचीही चोरी. न्यूयॉर्कच्या व्हिक्टर ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून काढलेलं ग्रीन बुक घेऊन लोक प्रवास करायचे, कुठे थांबता येईल त्याची यादी. ओक्लाहोमात लूथरजवळ थ्रेट कुटुंबाचा दगडी पेट्रोल पंप आहे, कृष्णवर्णीय मालकीचा, तो आवर्जून बघा. आणि ते काँक्रीटचे ‘विगवॅम’ खरं तर विगवॅम नाहीतच, मैदानी जमातींच्या टीपीचा, म्हणजे शंकूसारख्या तंबूचा, आकार आहे, ॲरिझोनातल्या होलब्रुकला असंच एक मोटेल आहे, पण त्या भागातल्या जमाती अशा घरांत राहत नव्हत्या. ते १९५० चं मोटेल मला आवडतं, तरी पाहुण्यांना हे सांगायला हवं असं मला वाटतं. एखादी पाटी लावायला किती खर्च येतो.

आम्ही मालक नाही, इंजिनियर नाही. फिरायला येणार आहोत. आम्ही काय करू शकतो?

राहा. २०२६ मध्ये रस्त्याला शंभर वर्षं होतात, गर्दी होईल, त्यामुळे वेळेत बुक करा आणि शक्यतो थेट मोटेलला फोन करून, म्हणजे वेबसाइटचं कमिशन मालकाकडेच राहतं. १२-१४ खोल्यांच्या ठिकाणी एका रात्रीचा फरकही जाणवतो. टॉवेल जुना वाटला, पाण्याला जोर कमी वाटला तर आधी ऑफिसात सांगा, रिव्ह्यू नंतर. तुमच्याकडे जुने फोटो, पोस्टकार्डं, आई-वडिलांच्या साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिका ट्रिपच्या स्लाइड्स असतील तर त्यात मागे मोटेल दिसतंय का बघा आणि मालकाला पाठवा, बेनच्या पाटीवरच्या बाणाचा आकार आम्हाला असाच एका कुटुंबाच्या फोटोतून सापडला. आणि पाटी बघायची ती अंधार पडल्यावर, तेव्हा उजेड आहे तोवर चेक-इन करा, जेवण लवकर उरका, आणि खुर्ची खोलीच्या दाराबाहेर आणून बसा.